लेकरं सांभाळायला बाई पाहिजे

इंग्रजी सिनेमातल्या लेकरांना आई नसते. असलीच तर ती मोर्चाला गेलेली असते. 'मेरी पॉपिन्स'मध्ये (१९६४) श्रीमती बँक्स बायकांना मताचा अधिकार मिळावा म्हणून घोषणा देत हिंडतात आणि साहेब बँकेत. 'नॅनी मॅकफी'त (२००५) सात लेकरांची आई देवाघरी आणि बाप मयतांची व्यवस्था बघणाऱ्या दुकानात कामाला. 'साउंड ऑफ म्युझिक'मध्येही (१९६५) लेकरं सात आणि आई नाही. लेकरं सातच का, हे मला कधी कळलं नाही. सहापर्यंत साधी बाई पुरते आणि सातव्यापासून जादूची लागते, असं तिकडं काही सरकारी प्रमाण असावं. हिंदीवाल्यांनी हाच माल थोडा रंगवून विकला. 'परिचय'मधली लेकरं पोरकी, 'थोडा प्यार थोडा मॅजिक'मधली (२००८) चार लेकरंही पोरकी, आणि त्यांच्यासाठी राणी मुखर्जी थेट स्वर्गातून सायकलवर.

सिनेमावाल्यांचं गणित सरळ आहे. जादू घरात शिरायची तर घरात एक जागा रिकामी असावी लागते. परभणी जिल्ह्यात नेमकी तीच मिळत नाही. आमच्याकडं लेकराला सांभाळायला एक माणूस मोकळं नसतं, पण रागवायला अकरा जण तयार असतात. आजी, थोरली चुलती, धाकटी चुलती, सुट्टीला आलेली आत्या, समोरचा किराणावाला, आणि ज्याचा आपल्या घराशी काडीचा संबंध नाही असा रस्त्यानं चाललेला एक धोतरवाला म्हातारा. हा शेवटचा सगळ्यांत धोक्याचा. तो ओरडत नाही, मारत नाही. "कुणाचं रे तू?" एवढंच विचारतो. लेकरू बापाचं नाव सांगतं आणि तिथंच त्याचा खेळ खलास होतो, कारण संध्याकाळच्या आत बातमी पारावरून घरी पोचलेली असते.

मे महिन्यात आमच्या गंगाखेडच्या घरी चुलत, आते, मामे अशी मिळून लेकरांची पलटण जमते. बाहेर पारा ४४ च्या पुढं. दुपारी बारा ते पाच कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, त्यामुळं पलटण घरात. घरात कुलर एक आणि कुलरसमोरची जागाही एकच. इतिहासातली बरीच युद्धं याहून क्षुल्लक कारणांवरून झालेली आहेत. मागच्या उन्हाळ्यात यांच्यातल्या एका शास्त्रज्ञानं कुलरच्या टाकीत रसना ओतलं. हवेला संत्र्याचा वास यावा, हा हेतू. हेतू साध्यही झाला. तासभर घरात नागपूर दरवळलं. मग कुलरचं गवत चिकट झालं, मोटार कण्हायला लागली आणि दिवेलागणीपर्यंत तालुक्यातल्या समस्त मुंग्यांना निरोप गेला. चौकशी बसली. साक्षीदार सगळे, आरोपी कुणीच नाही. गेल्या कित्येक वर्षांत आमच्या घरात जे जे मोडलं, सांडलं, फुटलं ते आपोआप घडलेलं आहे. जादूवर आमच्या लेकरांचा विश्वास नाही असं कुणी म्हणू नये.

पलटणीला दोन तास एका जागी बसवायचं म्हणून मी टीव्हीवर 'नॅनी मॅकफी' लावला. माझी चुलत आजी, जिला सगळं घर जीजी म्हणतं, तीही भिंतीला टेकून बघायला बसली. गोष्ट थोडक्यात अशी : सात लेकरांनी आजवर सतरा आया पळवून लावलेल्या. अठरावी दारात येते. काळा झगा, सुजल्यागत नाक, चेहऱ्यावर दोन चामखिळी, ओठाबाहेर आलेला एक दात, हातात वाकडी काठी. काठी जमिनीवर आपटली की लेकरांची खोडी त्यांच्याच अंगाशी येते. एमा थॉम्पसननं हे काम केलंय आणि पटकथाही तिनंच लिहिलीय, ख्रिस्तियाना ब्रँड या लेखिकेच्या पुस्तकांवरून. बाई लेकरांना पाच धडे देते. झोप म्हटलं की झोपायचं, ऊठ म्हटलं की उठायचं, कपडे घाल म्हटलं की घालायचे, कान देऊन ऐकायचं आणि सांगितलं ते करायचं. लेकरं सुधारतात तसतशा तिच्या चेहऱ्यावरच्या खुणा गळत जातात आणि शेवटी ती चांगली देखणी होऊन निघून जाते.

"पाच धडे?" जीजी म्हणाली. "एवढ्यासाठी विलायतेहून बाई आणली व्हय?"

मी म्हटलं, जीजी, लेकरं फार वांड आहेत. बघ, स्वयंपाकिणीलाच बांधून ठेवलंय.

"मग रात्री जेवतेत काय? आन् ती काठी कायला आपटायली? नुसती हातात धरून बसली तरी लेकरं वळणावर येतेत."

पहिली चामखीळ गळाली तेव्हा पलटणीनं टाळ्या वाजवल्या. जीजीला चमत्कार वाटला नाही. घोड्याच्या शेपटीचा केस बांधला की चामखीळ आठ दिवसांत पडते, हे तिनं स्वतःच्या मानेवर करून पाहिलेलं आहे. त्यासाठी सात लेकरं सुधारायची तिला काही गरज वाटेना.

मला मात्र ही बाई आमच्या गंगाखेडात उतरलेली दिसायला लागली. परभणी–परळी गाडीतून उतरते, शेअर रिक्षात चौथ्या सीटवर अर्धी बसते आणि दारात उभी राहते. सिनेमात ती आत येताच घर चिडीचूप होतं. इथं ती आत येताच चौकशी सुरू होते. कुण्या गावची? घरी कोण कोण? नवरा काय करतो? नाही? का नाही? जेवलीस का? तिनं काठी आपटायच्या आत तिच्यापुढं ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी येते. लेकरांना झोपवायचा पहिला धडा ती कसा देणार? गच्चीवर आठ गाद्या आणि सोळा माणसं. मोठ्यांच्याच गप्पा बारापर्यंत संपत नाहीत आणि त्यातही सगळ्यांत उशिरा झोपणारं माणूस जीजी. उठायचा धडा तर फुकटच. सकाळी पावणेसहाला सूर्य गच्चीवर येऊन प्रत्येकाला नाव घेऊन उठवतो. चौथ्या दिवशी चामखीळ गळालेली असेल, पण घोड्याच्या केसानं. दातावर तालुक्यातला डॉक्टर सुचवून झालेला असेल. आणि पाचव्या दिवशी जीजी तिला धाकट्या काकांच्या मेहुण्याचं स्थळ दाखवून मोकळी होईल. राहता राहिली मेरी पॉपिन्स. ती छत्री धरून वाऱ्यावरून येते आणि वारा फिरला की परत जाते. आमच्याकडं चैत्र-वैशाखात वावटळ उठते. त्या वावटळीत छत्री उघडणारी बाई मानवतच्या एखाद्या जिनिंगच्या आवारात सरकीच्या ढिगावर सापडली, तर मला नवल वाटणार नाही.

एक गोष्ट इथं आठवते. 'परिचय' आला १९७२ मध्ये, आणि त्याच वर्षी 'बावर्ची'ही आला. पहिल्यात वांड लेकरांसाठी मास्तर, दुसऱ्यात अख्ख्या भांडखोर एकत्र कुटुंबासाठी जादूचा आचारी. दोन्हींत जया भादुरी. मला दुसरा सिनेमा जास्त खरा वाटतो, कारण आपल्याकडं वांड असतात ते बहुतेक मोठेच. पण बहात्तर साल म्हटलं की आमच्याकडं सिनेमा आठवत नाही, दुष्काळ आठवतो. त्या साली मराठवाड्यात जादूचा आचारी आला असता तर त्यालाही खडी फोडायच्या कामावर जावं लागलं असतं आणि दुपारी सुकडी खावी लागली असती.

सिनेमा संपला. बाई निघून गेली म्हणून पलटणीतली धाकटी रडायला लागली. तेव्हा जीजीनं तिला मांडीवर ओढली आणि म्हणाली, "उगी. असली बाई आपल्या गावची व्हती की."

परभणीबद्दल दोन म्हणी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' आणि 'जगात जर्मनी, भारतात परभणी'. एकीत आम्ही शेवटचा पर्याय, दुसरीत थेट जर्मनीच्या पंक्तीला. दोन्ही म्हणी आम्ही एकाच चहावर, एकाच अभिमानानं सांगतो. खरी अडचण अशी की इथं जे चांगलं निपजतं त्याचं नाव दुसऱ्या गावी होतं. पाथरीकर सांगतात, साईबाबा मूळचे आमचे. जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्र्यांनी पाथरीच्या विकासासाठी १०० कोटींची घोषणा केली, तर तिकडं शिर्डी बंद. जन्माचा दाखला आमच्याकडं मागतात आणि दर्शनाची रांग तिकडं. तशीच जीजीची ही गावची बाई, संत जनाबाई. जन्म गंगाखेडचा, गोदावरीच्या काठचा. कामाला मात्र पंढरपूरला.

होय, कामाला. परंपरा असं सांगते की दमा आणि करुंड या वारकरी जोडप्याची ही लेक. बापानं तिला लहानपणीच पंढरपूरच्या दामाशेटी शिंप्याच्या घरी ठेवली. तिथं दामाशेटींचा मुलगा नामा हिच्या अंगाखांद्यावर वाढला. तोच पुढं संत नामदेव. आता गंमत बघा. नामदेवांचं घराणं मूळचं नरसीचं. नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण हिंगोली वेगळी झाली १ मे १९९९ ला. म्हणजे तोवर लेकरू आणि लेकरू सांभाळणारी, दोघंही कागदोपत्री परभणी जिल्ह्यातलेच. नंतर सरकारनं लेकरू हिंगोलीला दिलं आणि आया आमच्याकडं ठेवली. वाटणीत असं होतं.

आणि लेकरू तरी कसलं! विलायती सिनेमातल्या सातही पोरांनी नाम्यापुढं पाणी भरावं. एके दिवशी वडील घरी नव्हते म्हणून आईनं नैवेद्य देऊन याला देवळात पाठवलं. साधं काम. ताट ठेवायचं, हात जोडायचे, ताट घेऊन परत यायचं. हा ताट ठेवून बसला. देव खाईना. यानं विनवलं, रडला, आणि शेवटी 'तू खाल्लं नाहीस तर डोकं आपटून घेतो' म्हणून अडून बसला. देवाला खावं लागलं. इथवर चमत्कार. पुढचा भाग मला जास्त आवडतो. रिकामं ताट घेऊन पोरगं घरी आलं आणि म्हणालं, देवानं खाल्लं. घरच्यांचा विश्वास बसला नाही. कसा बसेल? कुठल्याही घरात रिकामं ताट आणि समोर लेकरू दिसलं तर कोणती आई देवाचं नाव घेईल? दुसऱ्या दिवशी पाळत ठेवावी लागली. अशा पोराला ज्या पोरीनं अंगाखांद्यावर वागवलं, तिची नोकरी काय प्रकारची असेल याचा विचार करा.

पुढं नामा मोठा झाला आणि घर आणखी भरलं. आई गोणाई, बायको राजाई, बहीण आऊबाई, लेक लिंबाई. नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे. संध्याकाळी या चौघांना घरात बोलवायचं तर हाकेलाच ताल येतो. मग लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या चार सुना. दामाशेटी आणि खुद्द नामदेव धरून माणसं चौदा, आणि पंधरावी जनी. नामदेवांनी शतकोटी अभंग रचायचा पण केला आणि घरातल्या प्रत्येकाला त्यातला वाटा नेमून दिला, अशी कथा आहे. म्हणजे पंधराच्या पंधरा कवी. मराठी सारस्वताच्या दृष्टीनं ही फार मोठी घटना आहे. स्वयंपाकघराच्या दृष्टीनं ती आपत्ती आहे. घरात पंधरा कवी आणि जातं एक. पीठ संपलं हे ज्याच्या लक्षात येतं त्याचा अभंग तिथंच मोडतो. गोणाई आणि राजाईच्या नावावरचे अभंग वाचले तर त्यात भक्तीच्या बरोबरीनं घरातली कुरकुरही सापडते. विठ्ठलानं माझ्या पोराला नादी लावलं, संसाराकडं बघत नाही, घरात काही नाही. अध्यात्माच्या इतिहासात किराण्याची यादी एवढ्या मोकळेपणानं आलेली मला तरी दुसरीकडं दिसली नाही.

या पंधरा माणसांचं दळण, कांडण, पाणी, शेण, सडा, लेकरं, हे सगळं एका बाईच्या अंगावर. आता विलायतेच्या आणि आमच्या जादूत फरक पडतो तो इथं. मेरी पॉपिन्स चुटकी वाजवते आणि खेळणी आपापल्या जागी जाऊन बसतात, पांघरुणाच्या घड्या होतात. ती स्वतः दमत नाही. जादू तिच्याकडं आहे आणि मदत घराला हवी आहे. जनीच्या गोष्टीत घराला काही अडचणच नाही. घराचं सगळं व्यवस्थित चाललंय, कारण जनी आहे. अडलंय जनीचं. म्हणून देवाला यावं लागलं, आणि तेही चुटकी वाजवायला नव्हे. विठ्ठल तिच्यासमोर पाय पसरून जात्याला बसतो आणि खुंटा ओढतो. पाणी भरतो. रानात जाऊन गौऱ्या वेचतो. तिची वेणी घालून देतो आणि डोक्यातल्या उवासुद्धा काढतो. अठ्ठावीस युगं एका जागी उभा राहिलेला देव, त्याला बसायला मिळालं ते जात्यापुढं. माझा अंदाज आहे की तो त्यासाठीच येत असावा.

एकाही कथेत तो दळण आपोआप दळून देत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जात्याला हात न लावता पीठ पडलंय, असं आमच्या बायकांनी कधी रचलंच नाही. जिनं पहाटे उठून पायली-पायली दळलंय, तिला असली लबाडी सुचत नाही. देव झाला तरी त्यानं खुंटा धरलाच पाहिजे आणि त्याच्याही हाताला घट्टे पडलेच पाहिजेत. 'नॅनी मॅकफी'च्या लेखकमंडळींत जातं ओढलेलं कुणी नसावं.

आणि या मदतनीसामुळं जनीला ताप काय कमी झाला? एकदा हा रात्रभर तिच्याकडं रमला. पहाटे देवळात काकडआरतीची वेळ झाली, तशी धांदल उडाली. गडबडीत आपला शेला आणि गळ्यातलं पदक तिच्या खोपटात विसरला आणि तिची फाटकी वाकळ अंगावर घेऊन विटेवर जाऊन उभा राहिला. पुजाऱ्यांनी दार उघडून बघितलं तर देवाच्या अंगावर ठिगळांची वाकळ, आणि पदक गायब. पंढरपुरात त्या काळी चोर, भामटे, प्रवासी काही कमी नसतील. संशय कुणावर आला? कामवालीवर. झडती घेतली, पदक सापडलं आणि तिला सुळावर द्यायचं ठरलं. सुळाचं पाणी झालं, हा चमत्कार. पण त्याच्या आधीचा भाग जसाच्या तसा आजचा आहे. परभणीत काय किंवा पुण्यात काय, अंगठी सापडेनाशी झाली की आधी बाईला विचारतात आणि मग बेसिनवर बघतात. मेरी पॉपिन्सच्या पिशवीतून अख्खा उभा दिवा निघतो. हा कुठल्या घरातून उचलला, असं तिला कुणी विचारत नाही. आमच्याकडं बाईच्या पिशवीतून उभा दिवा निघाला असता तर सिनेमा तिथंच थांबला असता आणि पुढचं सगळं पोलीस ठाण्यात झालं असतं.

तिला भेटायला खुद्द कबीर आले, तीही कथा जीजी छान रंगवून सांगते. एवढी मोठी संत म्हणून माणूस काशीहून आला आणि बघतो तर काय, गौऱ्यांवरून दोन बायकांची कडाकडा भांडणं चाललीत. त्यातली एक जनी. कबीर चाट. माझ्या गौऱ्या कोणत्या आणि हिच्या कोणत्या, एवढं सांग, असं त्यालाच पंच नेमलं. ओळखायच्या कशा? जनी म्हणाली, कानाला लाव, जिच्यातून विठ्ठल ऐकू येईल ती माझी. कबीरानं गौरी उचलून कानाला लावली. लोक या कथेतल्या नामस्मरणावर डोलतात आणि डोलावंच. मला ती आवडते ती जनीनं गौऱ्या सोडल्या नाहीत म्हणून. संत असेल, विठ्ठल तिच्याकडं पाणी भरत असेल, पण गौऱ्या तिनं थापलेल्या आहेत. आमच्या गंगाखेडच्या बाईला अध्यात्म चढलं तरी हिशेब उतरत नाही.

जनाबाईच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. त्यातला विठ्ठलाला लेकुरवाळा म्हणणारा अभंग लेकरं सांभाळलेल्या माणसानं नीट वाचावा. वारीला निघालेल्या आयेचं ते चित्र आहे. अंगावर, अवतीभवती सगळे संत. निवृत्ती खांद्यावर, सोपानाचा हात धरलेला, ज्ञानेश्वर पुढं चाललाय, मुक्ताई मागून येतेय, बंका कडेवर, नामा करंगळी धरून. सगळे नेमके ज्याच्या त्याच्या जागी. पुढं चालणारं लेकरू वेगळं, मागं रेंगाळणारं वेगळं, हात सोडला तर हरवणारं वेगळं आणि करंगळीवर भागणारं वेगळं, ही वाटणी ग्रंथ वाचून येत नाही. आणि गोरा कुंभार मांडीवर! आता आया चालतेय का बसलीय? चालत असेल तर मांडी कुठून आली? बाकीचे संत म्हणतील, ही भक्ती आहे, असले प्रश्न विचारू नयेत. पण ज्या बाईला चार लेकरं आहेत तिला विचारा. ती एकाच वेळी बसलेली, उभी आणि चाललेली असते.

शिवाय तिनं नेमके गोरोबाच मांडीवर घेतले, यात मला थोडा खवचटपणा दिसतो. गोरोबा सगळ्यांत वडील, सगळ्यांचे काका. यांनीच थापटणं घेऊन एकेका संताच्या डोक्यावर मारून मडकं कच्चं की पक्कं ते पाहिलं. बाकीचे मुकाट राहिले. नामा तेवढा चिडला, आणि मडकं कच्चं ठरलं. मग त्याला औंढ्याला विसोबा खेचरांकडं शिकायला जावं लागलं. जनीनं अंगाखांद्यावर वाढवलेलं पोरगं चारचौघांत कच्चं ठरवलं त्या काकांनी. तिनं पुढं काय केलं? अभंगात त्या काकांना लेकरू करून मांडीवर बसवलं आणि नाम्याला मात्र करंगळी धरून स्वतःच्या पायांनी चालवलं. हा माझा तर्क आहे, कुठल्या कीर्तनकाराला विचारू नका.

तिच्यावर मराठीत सिनेमाही झाला. 'संत जनाबाई', १९४९, हंसा वाडकर जनाबाईच्या भूमिकेत. पण कुणी त्याला लेकरांचा सिनेमा म्हणणार नाही. आपल्याकडं संत म्हटलं की पोस्टरवर तेजोवलय येतं आणि कडेवरचं लेकरू खाली उतरवलं जातं.

जिवंत उदाहरण बघायचं तर जिल्ह्यातल्या कुठल्याही अंगणवाडीत डोकवावं. एक सेविका, एक मदतनीस आणि खोलीभर लेकरं. एक रडतंय, एकाला शू लागलीय, एकानं दुसऱ्याच्या ताटलीतली खिचडी ओढलीय. सेविकेच्या पिशवीतून उभा दिवा निघत नाही. रजिस्टरं, उंचीची पट्टी आणि मोबाइल निघतो. त्यात पोषण ट्रॅकर. लेकराचं वजन काट्यावर दिसतं, पण नेटवर्क येईपर्यंत सरकारला दिसत नाही. म्हणून बाई एका हातानं लेकरू काट्यावर धरून दुसऱ्या हातानं मोबाइल खिडकीबाहेर धरते. मांडीवरचा गोरा आणि करंगळीचा नामा मला तिथं अगदी स्पष्ट दिसतात. विठ्ठल काही आलेला दिसला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या या बायका मानधनवाढीसाठी संपावर गेल्या. विलायती सिनेमात आई मोर्चाला जाते म्हणून आया येते. इथं आयाच मोर्चाला गेली. दिवाळीनंतर गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, तेव्हा किती घरांत लेकरं आणि म्हातारी एवढंच उरतं. तिथल्या म्हाताऱ्या कुठं संपावर जाणार?

जीजीची गोष्ट संपली तशी पलटणीनं लगेच जनाबाईचा खेळ मांडला. जनी व्हायला पाच जणी तयार. सुळावर चढवणारे पुजारी व्हायला तर मारामारी. दोघांना सूळ व्हायचं होतं. कबीर एक मिळाला. विठ्ठल व्हायला कुणी पुढं येईना. जीजी समोर शेंगांचं टोपलं घेऊन बसलेली.

"इठ्ठल कोण झालंय?" तिनं विचारलं. "त्यानं इकडं या. शेंगा फोडायच्यात."

गोष्ट सगळ्यांनी नीट ऐकलेली होती. देवाला काय काय करावं लागतं हे सगळ्यांना पाठ. शेवटी धाकटी, मघाशी रडलेली, उठली आणि म्हणाली, मी होते. जीजीनं तिच्यापुढं पाटी सरकवली. बाकीचे अंगणात सूळ उभा करायला पळाले.

अर्ध्या तासानं टोपलं रिकामं होतं. टरफलांचा ढीग झकास पडला होता. पाटीत दाणे मात्र मूठभर.

"दाणे कुठं गेले गं?" जीजीनं विचारलं.

तोंड भरलेलं असल्यामुळं उत्तर यायला जरा वेळ लागला. "देवानं खाल्ले," ती म्हणाली.